स्त्रीपार्टी नटाचा दिवस

सकाळी नऊ. साल १९२०च्या आसपासचं, संगीत नाटक कंपनीचा मुक्काम. रात्रीचा खेळ पहाटेपर्यंत रंगलेला, म्हणून बिऱ्हाड उशिरा जागं होतं. आधी वस्तरा. बाप गेल्यावरच मिशी उतरवणाऱ्या समाजात बायकांच्या भूमिका करणारा हा माणूस ती रोज उतरवतो. मला साडीपेक्षा हे अवघड वाटतं. साडी रात्री फेडता येते. हा चेहरा घेऊन दिवसा बाजारातून जावं लागतं.

दहा. तालीम. पेटीशी बुवा, समोर आईबापांनी कंपनीच्या हवाली केलेली पोरं. आवाज फुटेपर्यंत त्यांना भाव. मग कुणी पुरुषपार्ट करतो, कुणी पडदे ओढतो. केशवराव भोसले लहानपणी ‘शारदा’ होते, पुढे ‘मानापमान’चे नायक धैर्यधर झाले. बालगंधर्व त्याच नाटकाची नायिका भामिनीच राहिले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा समोरासमोर उभे असलेले वीर आणि नायिका, दोघेही लुगडं नेसून घडलेले नट होते. केशवरावांचा मर्दानी गाण्याबद्दल नावाजलेला आवाजही त्याच शाळेतला.

दुपारी पंगत, झोप.

सहा. रंगपट. सफेदा, काजळ, गंगावन, मग नऊवारी. निऱ्या मनासारख्या पडेपर्यंत पुन्हा पुन्हा नेसायचं. मान किती कलवायची, पदर कुठल्या बोटांनी धरायचा, हे वर्षानुवर्षं गिरवलेलं. बालगंधर्वांची नेसण घरंदाज बायका उचलत, इतकं ते काम बारीक होतं.

नाटकाबाहेर, आमच्या धाराशिवकडे, तुळजापूर-येरमाळ्याच्या वाटेवर, देवीचे काही आराधी पुरुष साडी नेसून परडी घेऊन जोगवा मागतात. बाया परडीत पीठ-मीठ घालतात, पाया पडतात. देवीचं म्हणून त्या लुगड्याला मान. संगीत नाटकातल्या शालूला टाळ्या आणि पदव्या मिळाल्या. तमाशातल्या नाच्यानं तीच मेहनत केली, त्याच्या वाट्याला शिट्ट्या आणि हेटाळणी आली. जात आणि रंगमंच बदलला की एकाच वेशाची किंमत अशी बदलावी, याचा मला राग येतो.

नऊ. नांदी. १२ मार्च १९११ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. खेळ थांबला नाही. घरी सुतक, अंगावर भामिनीचा साज. ‘बायकी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ती रात्र आठवावी.

मध्यरात्र उलटते. एकेका पदाला वन्समोअर, पुन्हा वन्समोअर. नाटक पुढे सरकत नाही, नट उभाच.

तीन. खोबरेल तेलानं रंग उतरतो. दागिने मोजून पेटीत, शालू घडी घालून ट्रंकेत. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या थाटापायी कर्जात रुतत गेली, पण हलक्या शालूवर भागवायला ते तयार झाले नाहीत.