कोरी जीन : तिची झीज आणि तिची धुलाई

कापडाची पारख करतांना गृहिणीचा पहिला प्रश्न असतो तो रंगाचा. रंग पक्का आहे ना, धुण्यांत जाणार नाहीं ना, एवढें कळलें कीं मग पोत, किंमत आणि टिकाऊपणा यांचा विचार. लुगडें असो, खण असो कीं सदऱ्याचें कापड असो, रंग जाणें हा त्याचा दोषच मानला जातो. परंतु आजच्या बाजारांत असेंही एक कापड आहे कीं ज्याचा रंग जावा म्हणूनच लोक तें विकत घेतात, आणि तो कोठून जातो, कसा जातो, किती दिवसांनीं जातो, हें मोठ्या कौतुकानें पाहत राहतात. तें कापड म्हणजे कोरें डेनिम, आणि त्याची शिवलेली विजार म्हणजे कोरी जीन.

'कोरें' हा शब्द येथें मराठींतल्या जुन्या अर्थानेंच घ्यावयाचा. मागावरून उतरल्यावर ज्याला धुण्याचें पाणी लागलेलें नाहीं, ज्याची खळ निघालेली नाहीं, तें कोरें. दुकानांतील बहुतेक जीन-विजारी कारखान्यांतच धुऊन, मऊ करून विक्रीस येतात. कोरी जीन मात्र कडक आणि गर्द निळी अशीच गिऱ्हाइकाच्या हातीं पडते. तिला मऊ करण्याचें आणि तिचा रंग उतरविण्याचें काम घालणाऱ्यानें आपल्या अंगानें करावयाचें असतें. या विजारीभोंवतीं एक समजूत वाढली आहे ती अशी कीं, ही विजार सहा महिने, शक्य तर वर्षभर, पाण्यास लावूंच नये. या समजुतींत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हें ठरवावयाचें तर आधीं या कापडाचें कुळ आणि घडण पाहिली पाहिजे.

त्याच्या कुळाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. मुंबईच्या डोंगरी भागांत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला तेथील नांव पडलें, आणि सतराव्या शतकापासून इंग्रजींत रूढ असलेला 'डंगरी' हा शब्द त्यांतूनच निघाला. 'डेनिम' हें नांव फ्रान्समधील नीम शहराच्या 'सर्ज द नीम' या कापडावरून आलें असें सामान्यतः मानतात. पुढें अमेरिकेंत, नेव्हाडा राज्यांतील रीनो गांवचा शिंपी जेकब डेव्हिस यानें मजुरांच्या विजारींचे खिसे उसवूं नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. आणि सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासह ता. २० मे १८७३ रोजीं त्या युक्तीचें पेटंट मिळविलें. तात्पर्य, ही विजार मुळांत खाणींत आणि शेतांत राबणाऱ्यांची. ती टिकावी एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

आतां तिच्या रंगाकडे वळावें. हा रंग निळीचा. पूर्वीं ही नीळ वनस्पतीपासून निघे, आणि हिंदुस्थान हें तिचें मोठें आगर होतें. चंपारण्यांत १९१७ सालीं महात्मा गांधींनीं सत्याग्रह केला तो नीळ पिकविण्याची सक्ती सोसणाऱ्या शेतकऱ्यांसाठींच. जर्मनींतील कृत्रिम नीळ तत्पूर्वींच, १८९७ पासून, बाजारांत आलेली होती, आणि आज बहुतेक सर्व डेनिम कृत्रिम निळीनेंच रंगविलें जातें. उगम कोणताही असो, रंगद्रव्य एकच आणि त्याचा स्वभावही एकच. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. क्षारयुक्त पाण्यांत तिचें रासायनिक क्षपण केलें म्हणजे ती पिवळसर हिरवी होते आणि मगच विरघळते. या द्रावणांत सूत बुडवून वर काढलें कीं हवेंतील प्राणवायूच्या योगानें ती पुन्हां निळी आणि अविद्राव्य होते व सुतांत अडकून बसते. गडद रंग यावा म्हणून असें बुडविणें आणि वर काढणें अनेक वेळां करावें लागतें.

एवढें करूनही नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. वांगें वरून जांभळें, पण चिरलें कीं आंत पांढरें, तशी या धाग्याची स्थिति असते. शिवाय नीळ कापसाशीं रासायनिक बंधनानें जखडलेली नसते. ती तंतूंच्या फटींत केवळ रुतलेली असते. त्यांत विणकामाची भर. डेनिममध्यें ताण्याचे उभे धागे निळे, तर बाण्याचे आडवे धागे पांढरे असतात. नेहमींच्या तिरप्या विणींत ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. म्हणून कापडाची उजवी बाजू निळी आणि आंतली बाजू फिकट दिसते. जेथें घर्षण होतें तेथें धाग्याची निळी साल निघते आणि पांढरा गाभा उघडा पडतो. उन्हानें आणि हवेनेंही नीळ थोडी नष्ट होते. परंतु या कापडाचा रंग मुख्यतः झिजून जातो, हें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व गोष्टींचें मर्म यांतच आहे.

या झिजेला आकार देते ती खळ. मागावर ताण्याचे धागे तुटूं नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते, आणि कोऱ्या कापडाचा कडकपणा बराचसा तिचाच. कडक कापडाला जेथें एकदां वळी पडते तेथेंच ती पुनःपुन्हां पडते. वळीचा माथा घासला जातो आणि पांढरा होतो. वळीचा तळ मात्र निळा राहतो. अशा रीतीनें घालणाऱ्याच्या संवयींची नोंद कापडावर उमटत जाते. कचेरींत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याच्या जीनवर जांघेपासून मांडीकडे पसरत जाणाऱ्या फिकट रेषा दिसतात. जपानी लोक त्यांना 'हिगे' म्हणजे मिशा-दाढी असें गमतीचें नांव देतात. गुडघ्यामागें मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. सायकलवर हिंडणाऱ्याची बैठक आणि मांड्यांच्या आंतल्या बाजू आधीं फिकटतात, तर गुडघे टेकून काम करणाऱ्या गवंड्याचे किंवा माळ्याचे गुडघे. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याच्या विजारीवर घोट्यांपाशीं आणि गुडघ्यांच्या कडेला घर्षण अधिक. खिशांत नेहमीं मोबाइल बाळगणाऱ्याच्या मांडीवर त्याची चौकट उठते. एकाच ठाणांतून शिवलेल्या दोन विजारी दोन माणसांना दिल्या, तर वर्षानें त्या एकमेकींशीं जुळत नाहींत, त्या याच कारणानें.

मग धुण्यानें काय होतें? पहिली गोष्ट, खळ निघून जाते आणि वळ्या सैल पडतात. दुसरी गोष्ट, सैल बसलेली नीळ सगळ्या विजारींतून सारखीच निघते. घासलेल्या जागीं अधिक आणि न घासलेल्या जागीं कमी, असा भेदभाव पाणी करीत नाहीं. तिसरी गोष्ट, कापड आटतें. ज्या डेनिमवर आटण्याविरुद्ध संस्कार झालेला नसतो तें शेंकडा १० पर्यंतही आटूं शकतें. सॅनफोर्ड क्ल्यूएट या अमेरिकन संशोधकाच्या, १९३० च्या सुमारास प्रचारांत आलेल्या रीतीनें आधींच आटवून घेतलेलें कापड नंतर फारच थोडें आटतें. यावरून उघड होतें कीं, जीन लवकर आणि वारंवार धुतली तर ती सर्वत्र एकसारखी फिकट होते, आणि उशिरा धुतली तर तिच्यावरील काळ्यापांढऱ्याचा भेद ठसठशीत उठतो. न धुण्याच्या समजुतींतील खरा भाग तो हा.

परंतु या खऱ्या भागाला जोडून दुसरी एक गोष्ट सांगितली जाते कीं, धुण्यानें विजारीचें आयुष्य घटतें, म्हणून न धुणें हेंच तिला हितकर. येथें मात्र थांबून विचार केला पाहिजे. कापसाचा तंतु म्हणजे सेल्युलोज, आणि ओला कापूस कोरड्या कापसाहून अधिक बळकट असतो. पाणी हा त्याचा वैरी नव्हे. वैरी आहेत ते कढत पाणी, रंग उडविणारीं द्रव्यें, दगडावरची आपटाआपट आणि यंत्रांतील जोराची घुसळण. उलट, न धुतलेल्या विजारींत घाम, अंगाचें तेल आणि रस्त्यावरची बारीक धूळ सांचत जाते. धुळीचे टोंकदार कण धाग्यांत शिरून पॉलिश पेपरासारखें काम करतात, आणि तें सर्वांत जास्त होतें तें मांड्यांच्या आंतल्या बाजूस, जेथें चालतांना पावलोपावलीं कापडावर कापड घासतें. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत तर दमट कापडावर बुरशी धरते, आणि बुरशीचें खाद्य प्रत्यक्ष सेल्युलोजच. मग समोरून नक्षी सुरेख उठलेली, पण बैठकीशीं भोंक पडलेलें, अशी विजार पदरीं येते.

आरोग्याच्या दृष्टीनें मात्र फारसें भय बाळगण्याचें कारण दिसत नाहीं. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत वस्त्रशास्त्राच्या अध्यापिका रेचल मॅक्वीन यांच्या देखरेखीखालीं एका विद्यार्थ्यानें एकच जीन पंधरा महिने न धुतां वापरली. २०११ सालीं तिच्यावरील जंतूंची मोजणी झाली. नंतर ती धुऊन सुमारें दोन आठवडे वापरल्यावर पुन्हां मोजणी केली, तेव्हां दोन्ही संख्या जवळजवळ सारख्याच भरल्या, आणि ते जंतु बहुतांशीं निरोगी त्वचेवर नेहमींच आढळणारे होते. तथापि हा एका मनुष्याचा, थंड देशांतील अनुभव आहे; घामाच्या धारा लागणाऱ्या हवेंत तो जसाचा तसा लागू करतां येणार नाहीं. विजार बर्फाच्या कपाटांत ठेवली कीं जंतु मरतात, ही समजूतही टिकणारी नाहीं; घरगुती थंडींत पुष्कळसे जंतु नुसते निपचित पडतात, आणि ऊब मिळतांच पुन्हां वाढूं लागतात.

आणखी एक मुद्दा पाण्याच्या बचतीचा. लेव्ही स्ट्रॉस कंपनीचे तत्कालीन प्रमुख चिप बर्ग यांनीं २०१४ सालीं एका जाहीर सभेंत आपली जीन वर्षभर धुतली नसल्याचें सांगितलें, तें याच संदर्भांत. त्या कंपनीनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशोबाप्रमाणें एका जीनच्या साऱ्या आयुष्यांत सुमारें ३,८०० लिटर पाणी खर्च होतें. त्यांपैकीं शेंकडा ६८ कापूस पिकविण्यांत आणि शेंकडा २३ घरच्या धुलाईंत. दोन वेळां घातल्यावर धुण्याऐवजीं दहा वेळां घातल्यावर धुतली, तर धुलाईच्या पाण्यांत मोठी बचत होते यांत शंका नाहीं. परंतु याच आंकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. कापसाचा वांटा धुलाईच्या जवळजवळ तिप्पट आहे. न धुण्याच्या हट्टापायीं विजार निम्म्या आयुष्यांत फाटली आणि दुसरी घ्यावी लागली, तर वांचविलेल्या बादल्यांपेक्षां अधिक पाणी नव्या कापसाच्या मुळाशीं जातें. खरी काटकसर विजार टिकविण्यांत आहे, आणि बेताची धुलाई हा टिकविण्याचाच एक भाग आहे.

ही बेताची धुलाई कशी करावी? महिन्यांचा हिशोब ठेवूं नये, कापडालाच विचारावें. घामाचा वास येऊं लागला, बोटांना कापड तेलकट लागलें, गुडघ्याशीं ढिलें पडलें, कीं वेळ आली असें समजावें. उन्हांतून पायीं हिंडणाऱ्याची वेळ लवकर येते, पंख्याखालीं बसणाऱ्याची उशिरा. विजार उलटी करावी, बटणें लावावीं, आणि थंड किंवा कोमट पाण्यांत सौम्य साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवावी. ती पसरट भांड्यांत मोकळी ठेवावी. चुरगळून कोंबली तर घड्यांच्या जागीं पांढरे पट्टे उठतात आणि ते पुन्हां जात नाहींत. इतर कपड्यांत ती मिसळूं नये, कारण पहिल्या कांहीं धुण्यांत तिची नीळ भरपूर सुटते. कोऱ्या जीनवर बसून पांढरी गादी निळी झाल्याचा अनुभव कित्येक घरांना असेल. त्याचेंही कारण हेंच. नंतर न पिळतां, कमरेकडून टांगून, सावलींत वाळवावी. मांडीच्या आंतल्या बाजूस कापड विरळ झालेलें दिसतांच आंतून ठिगळ देऊन रफू करावें; भोंक पडण्याची वाट पाहूं नये.

या झिजेचा मोह जगाला किती महागांत पडला, हेंही सांगितलें पाहिजे. वर्षभर थांबण्याची तयारी नाहीं, पण झिजलेली दिसणारी विजार तर हवी, अशा गिऱ्हाइकांसाठीं कारखान्यांनीं १९७० नंतरच्या काळांत कृत्रिम झिजेच्या रीति काढल्या. त्यांतील एक म्हणजे दाबाच्या हवेनें कापडावर वाळूचा झोत मारणें. तुर्कस्तानांत कोंदट खोल्यांतून हें काम करणाऱ्या तरुण मजुरांच्या फुप्फुसांत वाळूची धूळ जाऊन त्यांना सिलिकोसिस जडल्याचें तेथील डॉक्टरांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. हा रोग बरा होत नाहीं. खाणकामगारांना बहुधा पुष्कळ वर्षांच्या श्रमानंतर गांठणारें दुखणें या तरुणांना थोड्याच वर्षांत गांठूं लागलें. २००९ सालीं तुर्कस्तानानें त्या रीतीवर बंदी घातली, आणि २०१० सालीं लेव्ही स्ट्रॉस व एच अँड एम या कंपन्यांनीं ती सोडल्याचें जाहीर केलें. त्यानंतर लेसर किरणांचा उपयोग वाढला आहे. खाणींत राबणाऱ्यांसाठीं निघालेल्या विजारीला जुनेपण आणण्यासाठीं खाणीचाच रोग दुसऱ्यांच्या छातींत भरावा, हा व्यवहार कोणाही सुज्ञ माणसाला पटण्यासारखा नाहीं.

म्हणून ज्याला झिजलेल्या निळीचें सौंदर्य प्रिय आहे त्यानें कोरी जीन घेऊन ती स्वतःच झिजवावी, हें केव्हांही चांगलें. पहिले कांहीं महिने धीर धरावा, वळ्या पक्क्या होऊं द्याव्यात. मग मात्र ती वेळच्या वेळीं, थंड पाण्यानें आणि हलक्या हातानें धुवावी. नक्षी थोडी मवाळ होईल. पण ती ज्या कापडावर उठली आहे तें कापड पुष्कळ वर्षें सोबत करील.