थंडी कोण ठरवते? अक्षांश, समुद्र की वारा?

२२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. त्याच दिवशी कुलाबा वेधशाळेतील पारा मात्र ११.७ अंशांवरच थांबला. एकच शहर, एकच तारीख, दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीलगतची आणि अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. तरीही फरक चार अंशांहून अधिक! हा फरक का पडला हे नीट समजले, तर उत्तर ध्रुवाजवळच्या काही शहरांत हिवाळा सौम्य का असतो, या मोठ्या कोड्याचीही उकल होते.

ते कोडे असे. नॉर्वेतील ट्रॉम्सो हे शहर जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात सुमारे सात आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. तरीही जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३-४ अंशांच्या आसपास असते आणि बंदर गोठत नाही. याउलट सायबेरियातील याकुत्स्क ६२ अंशांवर, म्हणजे बरेच दक्षिणेला आहे. तेथील जानेवारीची सरासरी मात्र उणे ३८ अंशांच्या जवळपास! तेव्हा थंडी केवळ अक्षांशावर ठरत नाही, हे उघड आहे.

समुद्राची शिल्लक

एक ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास १ कॅलरी उष्णता लागते. कोरड्या वाळूला त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच पुरते. शिवाय उन्हाने जमिनीचा वरचा पातळ थर तेवढा तापतो. समुद्रात प्रकाश खोलवर शिरतो आणि लाटा पाणी घुसळतात. त्यामुळे उष्णता कित्येक मीटर खोलवर साठते. उन्हाळ्यात झालेली ही साठवण समुद्र हिवाळ्यात हळूहळू हवेला देतो.

ती किती मोठी असते, याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, तर तेवढ्याच हवेचे सुमारे १.२ किलोग्रॅम. हवेची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. म्हणजेच एक घनमीटर पाणी १ अंशाने थंड झाले, तर तीन हजारांहून अधिक घनमीटर हवा १ अंशाने तापते.

समुद्र शेजारी असून भागत नाही

मग समुद्रकाठची सारी शहरे उबदार असायला हवीत. रशियाचे व्लादिवोस्तोक हे बंदरच आहे आणि तेही ४३ अंशांवर. परंतु तेथे जानेवारीची सरासरी सुमारे उणे १२ अंश असते. फ्रान्समधील मार्सेय त्याच अक्षांशावर असून तेथे ती अधिक ७ अंशांच्या जवळपास असते. असे का? कारण व्लादिवोस्तोकला हिवाळ्यात वारा येतो तो सायबेरियाच्या गोठलेल्या भूमीवरून. समुद्र दाराशी असला, तरी त्याची ऊब वारा दुसरीकडे नेतो. पश्चिम युरोपात मात्र प्रामुख्याने पश्चिमी वारे वाहतात आणि ते अटलांटिक महासागरावरून ऊब घेऊन येतात.

या ठिकाणी अनेक पुस्तके ‘गल्फ स्ट्रीम’ या उष्ण प्रवाहाचे नाव घेऊन थांबतात. हे उत्तर अपुरे आहे. रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की युरोप आणि पूर्व अमेरिका यांच्या हिवाळ्यांतील फरकाला मुख्यतः दोन गोष्टी कारणीभूत आहेत : समुद्रात उन्हाळ्यात साठलेली उष्णता आणि रॉकी पर्वतामुळे वळण घेऊन नैर्ऋत्येकडून युरोपात येणारे वारे. प्रवाहाचा वाटा आहे, पण त्या मानाने लहान. ट्रॉम्सोसारख्या अगदी उत्तरेकडील किनाऱ्यावर मात्र तो महत्त्वाचा ठरतो. तेथील समुद्र त्यामुळे गोठत नाही आणि उष्णतेच्या साठ्यावर बर्फाचे झाकण पडत नाही.

आता मुंबईकडे

थंडीच्या लाटेत मुंबईला उत्तरेचा-ईशान्येचा कोरडा वारा येतो. सांताक्रूझ व बोरीवलीकडे तो रात्री थंड झालेल्या जमिनीवरून येतो. कुलाबा म्हणजे तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली चिंचोळी पट्टी. तेथे पोहोचण्यापूर्वी वाऱ्याला बंदराचे पाणी ओलांडावे लागते आणि वाटेत तो थोडा उबदार होतो. जानेवारीत कुलाब्याचे सरासरी किमान तापमान सुमारे १९ अंश, तर सांताक्रूझचे सुमारे १७ अंश असते, ते यामुळेच. दिवसा उलट घडते. खारे वारे वेळेवर सुरू झाले, तर दुपार सुसह्य होते. मतलई वारे रेंगाळले, तर भर जानेवारीतही घाम फुटतो.

बोरीवलीपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरील निफाडला समुद्राची ही शिल्लक मिळत नाही. थंडीच्या लाटेत तेथे पारा ५ अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. निफाड साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे हे खरे. परंतु उंचीमुळे पडणारा फरक सुमारे साडेतीन अंशांचाच. अशा पहाटे द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणीही देतात. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. समुद्र मुंबईसाठी जे फुकट करतो, तेच बागाईतदार कष्टाने आणि थोड्या प्रमाणात करतो.

करून पाहा

दोन सारखे डबे घ्या. एकात कोरडी वाळू, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे पाणी भरा. दोन्ही तासभर उन्हात आणि मग तासभर सावलीत ठेवून दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा व आलेख काढा. बोरीवलीतील विद्यार्थ्यांनी आणखी एक काम करावे. जानेवारीत आठवडाभर सकाळी सहा वाजता एकाने राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला आणि दुसऱ्याने गोराई खाडीच्या बाजूला सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर तापमान मोजावे. नोंदीपुढे वाऱ्याची दिशा लिहायला मात्र विसरू नका. त्या रकान्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागणार नाही.