संदर्भग्रंथ कसा पाहावा?

ग्रंथालयात काही ग्रंथ निराळ्या कपाटात ठेवलेले असतात. ते घरी नेता येत नाहीत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते कोणी वाचीतही नाही. एखादे स्थळ, एखादे नाव किंवा एखादा काळ पाहण्यापुरते ते उघडावयाचे आणि काम होताच मिटावयाचे. यांनाच संदर्भग्रंथ म्हणतात. कोशात जे छापले आहे ते कायमचे खरे, अशी सामान्य वाचकाची समजूत असते. पुरातत्त्वाच्या बाबतीत मात्र ही समजूत फसवी ठरते. सिंधू संस्कृतीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

समजा, एखादा विद्यार्थी या संस्कृतीचा काळ शोधीत आहे. त्याने प्रथम ‘केंब्रिज हिस्टरी ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेचा १९२२ साली प्रसिद्ध झालेला पहिला खंड उघडला, तर त्यात या संस्कृतीचे प्रकरणच त्याला आढळणार नाही. हा संपादकांचा दोष नव्हे. हडप्पा येथे दयाराम साहनी यांनी १९२१ साली खणण्यास आरंभ केला. पुढे मोहेंजोदडो येथे राखालदास बॅनर्जी यांनी काम केले. आणि या शोधाची वार्ता सर जॉन मार्शल यांनी सप्टेंबर १९२४ मध्ये जगापुढे मांडली. ग्रंथमालेतील ही उणीव मॉर्टिमर व्हीलर यांच्या १९५३ सालच्या पुरवणी-खंडाने भरून निघाली.

पुढे विद्यार्थी मार्शल यांचा १९३१ सालचा त्रिखंडात्मक ग्रंथ पाहतो. तेथे मोहेंजोदडोचा काळ इ. स. पू. ३२५० ते २७५० असा दिला आहे. व्हीलर यांच्या खंडात तो इ. स. पू. २५०० ते १५०० आहे. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मपाल अग्रवाल यांच्या लेखात तो इ. स. पू. २३०० ते १७५० असा येतो. आजच्या ग्रंथांतून या संस्कृतीच्या ऐन भरभराटीचा काळ सामान्यतः इ. स. पू. २६०० ते १९०० मानलेला आढळतो. एकाच प्रश्नाची ही चार उत्तरे पाहून विद्यार्थी गोंधळला, तर नवल नाही. परंतु यावरून शास्त्राला काहीच ठाऊक नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल.

ही उत्तरे भिन्न झाली, याचे कारण ती काढण्याची साधने बदलली. मार्शल आणि व्हीलर यांचा मुख्य आधार तुलनेचा होता. सिंधू प्रदेशातील मुद्रांसारख्या मुद्रा मेसोपोटेमियात सापडतात. तेथील राजांचा काळ लेखांवरून ठाऊक असल्यामुळे त्यावरून इकडील काळाचा अंदाज बांधता येतो. १९४९ च्या सुमारास विलर्ड लिबी या अमेरिकी शास्त्रज्ञाने नवी पद्धती दिली. सजीव जिवंत असेपर्यंत त्याच्या शरीरात किरणोत्सर्गी कार्बन-१४ ची भर पडत असते. मृत्यूनंतर ती थांबते आणि सुमारे ५,७३० वर्षांत त्यातील निम्मा कार्बन-१४ नाहीसा होतो. म्हणून जळक्या लाकडात अथवा धान्यात तो किती उरला, हे मोजले की वय काढता येते. अग्रवाल यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच पद्धतीने केलेल्या मापनांचा आधार घेतला.

तथापि, या पद्धतीत एक गृहीत दडलेले होते. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखेच होते, असे प्रथम मानले जाई. पुढे दीर्घायुषी वृक्षांची वार्षिक वलये मोजून प्रत्येक वलयातील कार्बन तपासला, तेव्हा हे प्रमाण कमीअधिक होत आले आहे, असे दिसून आले. त्यानुसार दुरुस्ती करताच हडप्पाकालीन वर्षे काही शतके मागे सरकली.

मग जुने ग्रंथ टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात हडप्प्याची एक मुद्रा चित्रासह नोंदविली. तिच्यावरील बैलाला वशिंड नाही आणि अक्षरे भारतीय नाहीत, म्हणून ती परदेशी असावी, असे त्यांनी अनुमान केले. हे अनुमान पुढे टिकले नाही. परंतु त्यांनी केलेले वर्णन आणि चित्र आजही उपयोगी पडते. काय सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या थरात सापडले, ही नोंद दीर्घकाळ टिकते. तिच्यावरून काढलेला अर्थ बदलू शकतो. उत्खनन झालेले स्थळ पुन्हा पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच त्याचा मूळ अहवाल अमोल असतो.

यावरून संदर्भग्रंथांचा उपयोग कोणत्या क्रमाने करावा, हेही ध्यानात येईल. एखाद्या स्थळाची प्राथमिक ओळख हवी असल्यास अ. घोष यांनी संपादिलेला, १९८९ साली प्रसिद्ध झालेला भारतीय पुरातत्त्वाचा द्विखंडात्मक कोश पाहावा. त्याच्या पहिल्या खंडात विषय आहेत आणि दुसऱ्यात स्थळे. सिंधू लिपीतील एखादे चिन्ह कोणकोणत्या लेखांत आले आहे, हे इरावतम् महादेवन् यांच्या १९७७ सालच्या सूचिग्रंथात सापडते. कोशातील विधानाची खात्री करावयाची तर मूळ अहवालाकडे वळावे आणि त्यानंतर काय नवे कळले, ते अलीकडील ग्रंथांत पाहावे.

मात्र यांपैकी कोणताही ग्रंथ उघडताना प्रथम त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे आणि टिपून घेतलेल्या प्रत्येक सनावळीशेजारी ते लिहून ठेवावे. एवढी एक सवय लागली, म्हणजे कपाटातील जुना ग्रंथ दिशाभूल करीत नाही. माणसाचे ज्ञान कोणत्या वाटेने येथवर आले, हे तो सांगू लागतो.