हर्णेहून अंजर्ल्याला, वाटेत सैबेरिया

हिवाळ्यातल्या सकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे पापलेट-सुरमईच्या भावाकडे लागलेले असतात. जरा मान वर करून पाहा. होड्यांभोवती कलकलाट करणाऱ्या पांढऱ्या थव्यांत सैबेरियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात जन्मलेले कुरव आहेत. त्यांच्याच शेजारी मध्य आशियातल्या उंच पठारांवरून, थेट तिबेट-लडाखकडून आलेले कुरवही आहेत. या दुसऱ्यांचं नाव तपकिरी डोक्याचा कुरव. पण थंडीत त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा. तपकिरी रंग चढायला लागला की समजायचं, पाहुणा उत्तरेकडे निघायच्या बेतात आहे.

स्वतःची गाडी काढून एक दिवस या किनाऱ्यावर प्राणी पाहत हिंडावं, असं मनात असेल तर हे आधी लक्षात घ्या. ताडोब्याला आपण वाघाच्या घरी जातो. इथले बरेच प्राणी मात्र स्वतःच लांबच्या सफरीवर आहेत आणि हर्णे-अंजर्ले हा त्यांच्या वाटेवरचा एक थांबा. आपली गाडी दिवसभरात चाळीस-पन्नास किलोमीटर फिरेल. ज्यांना पाहायला आपण निघालो, त्यांचा हिशेब हजारांत असतो.

याला अपवाद डॉल्फिनचा. हर्णेसमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीतून दिसतो तो बहुधा पाठीवर कुबड असलेला हंपबॅक जातीचा. हा उथळ पाण्यातच राहणारा, किनारा न सोडणारा, त्यामुळे होड्या, जाळी आणि खाड्यांतली घाण हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. म्हणून तो दिसला की होडीवाल्या दादांना इंजिन बंद करायला सांगावं. पाठलाग केला नाही, तर कधीकधी तोच जवळ येतो.

मग जोग नदीवरचा पूल ओलांडून अंजर्ले. सुरूच्या किंवा आंब्याच्या उंच झाडावर काटक्यांचा प्रचंड ढीग दिसला, तर गाडी थांबवा. ते काकणाचं, म्हणजे समुद्री गरुडाचं घरटं असू शकतं. समुद्रसापसुद्धा पकडून आणणारा हा पक्षी तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो.

पण अंजर्ल्याला यायचं ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर चढते, मागच्या वल्ह्यांनी दीड फुटाच्या आसपास खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू दाबून बसवते आणि तासाभरात पाण्यात परतते. पिल्लांचं तोंडही ती पाहत नाही. पुढचं काम वाळूचं. नर की मादी हे इथे गुणसूत्रं ठरवत नाहीत. उबवणीच्या मधल्या काळात वाळू गार राहिली तर नर जास्त, तापली तर माद्या जास्त. एका अंशाच्या फरकाने अख्ख्या घरट्याचं भवितव्य बदलतं!

एकेकाळी ही अंडी सर्रास खाल्ली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळास गावात संरक्षणाचं काम सुरू केलं. गावकरी आणि वनखातं सोबत आलं आणि काम किनाराभर पसरलं. कासवमित्र पहाटे पुळण पायी तुडवतात, अंडी कुंपणातल्या उबवणी केंद्रात हलवतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पिल्लं निघतीलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. मुक्काम करावा, चौकशी करावी, वाट पाहावी.

आणि गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी. पुळणीवर जीप पळवण्याची हौस मला अक्षम्य वाटते. चाकाखाली वाळू दबते, न सापडलेली घरटी त्यात चिरडली जाऊ शकतात, आणि चाकोरीत अडकलेलं तळहाताहून लहान पिल्लू तिथेच थकून कावळ्याच्या तोंडी जातं. हेडलाइटने तर ते समुद्र सोडून उलट्या दिशेला चालू लागतं.

पाण्यात शिरल्यावर पिल्लं थांबत नाहीत, लाटा भेदत खोल समुद्राकडे पोहत राहतात. पृथ्वीचं चुंबकत्व प्रत्येक किनाऱ्यावर थोडं वेगळं असतं; जन्मकिनाऱ्याची ती खूण लक्षात ठेवून मोठी झालेली मादी पुन्हा त्याच भागात येते, असं शास्त्रज्ञ मानतात. ती मधल्या काळात कुठे जाते हे पाहण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ला आणि अंजर्ल्याच्या ‘सावनी’ला उपग्रह-यंत्रं बसवली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

जानेवारी २०२५ मध्ये याच्या उलट घडलं. गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला होता. तो तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अडकवलेला होता! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी असा समज होता. ही एकच मादी साऱ्या दक्षिण भारताला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहत, दोन्हीकडच्या वाळूवर चढली. ती मुळात कुठली, हर्णेसमोरून जाणाऱ्या अशा आणखी किती, हे शोधायचं काम आता कुठे सुरू झालं आहे.