8,600 कोटींना हलवणाऱ्या काही लाख पेशी

सकाळी नऊच्या सुमारास मारुंजीतून हिंजवडीकडे दुचाकींचा लोंढा निघतो. प्रत्येकाच्या डोक्यात ऑफिसची वेळ पक्की. तेवढ्यात पाण्याचा टँकर आडवा येतो, बोटं ब्रेकवर आवळतात आणि ऑफिस डोक्यातून साफ पुसलं जातं.

माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज, म्हणजे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या डोपामाइन बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी किती? चार ते सहा लाख. पावणेदोन लाखांमागे जेमतेम एक! एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्याच 2011 च्या जनगणनेत 17 लाखांवर होती. पण ‘वेळेत पोचायचंय’ हा ध्यास टिकवण्यात या मूठभर पेशींचा मोठा वाटा. टँकर दिसताच खडबडून जागी होणारी फौज तर त्याहून लहान. मेंदूच्या बुंध्यातल्या लोकस सेरुलियसमध्ये दोन्ही बाजूंच्या मिळून पन्नासेक हजार पेशी, आणि त्यांचं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन जवळजवळ अख्ख्या मेंदूत पोचतं.

एवढ्या थोड्या पेशींना हे जमतं ते त्यांच्या पसाऱ्यामुळे. माणसाच्या एकाच डोपामाइन पेशीच्या फांद्या टोकाला टोक जोडल्या, तर चार मीटरहून लांब भरतील आणि तिच्या जोडण्या दहा लाखांवर जातील, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा झाला तर? याचं उत्तर देणाऱ्या शोधाचा एक धागा मुंबईत आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेच्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी तेच सशांना टोचलं; त्यानं डोपामाइनचा साठा रिकामा होतो. ससे कान पाडून जागच्या जागी थिजले. मग एल-डोपा दिलं, मेंदूत त्याचं डोपामाइन होतं. पंधरा-वीस मिनिटांत ससे हिंडू लागले! हातपाय धडधाकट असूनही हलण्याची प्रेरणाच हरपू शकते. कुणाला आळशी म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. डोपामाइन कमी पडलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांना आजही प्रामुख्याने एल-डोपा देतात. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या खाजकुइरीच्या बियांतही ते असतं.