खणलेला खड्डा चालू लागतो

४ मार्च २००१ च्या रात्री पोर्तुगालमध्ये डोउरू नदीवरचा हिंत्झ रिबेरू पूल कोसळला. शंभरी ओलांडलेला पूल, नदी दुथडी भरलेली, वर सहलीहून परतणारी बस आणि तीन मोटारी. ५९ माणसं गेली. संबंधित खात्याचे मंत्री जॉर्ज कोएल्यू यांनी लगेच राजीनामा दिला. मधल्या खांबाचा पाया खचला होता आणि त्या पात्रातून वर्षानुवर्षं वाळू-गोटे उपसले जात होते.

नदी पाण्याबरोबर वाळू-गोटेही वाहून नेते. हा भार आणि पात्राचा उतार यांचा मेळ फार हळूहळू बसलेला असतो. पोकलेनने खोल खड्डा घेतला, की त्याच्या वरच्या कडेवरून पाणी छोट्या धबधब्यासारखं कोसळतं आणि ती कड कुरतडतं. कड मागे सरकते, तिथेही पाणी तेच करतं. असा खड्डा उगमाच्या दिशेने चढत जातो, वाटेतल्या ओढ्यांतही शिरतो. ज्याने खणला त्याचा डंपर तोवर कधीच निघून गेलेला असतो.

खालच्या अंगाला वेगळंच घडतं. वरून आलेली वाळू खड्ड्यात बसते आणि पुढे नुसतं पाणी जातं. बर्कलीचे नदी-अभ्यासक मॅथायस कॉन्डॉल्फ यांनी १९९७ च्या लेखात अशा पाण्याला ‘भुकेलं पाणी’ म्हटलं. मला हा शब्द फार नेमका वाटतो. हे पाणी आधी तळ खातं, मग काठ. तळ खोल गेल्याने काठाच्या पायथ्याचा आधार सुटतो आणि एखाद्या पुरात बांध, झाडं, मोटारीची पाइपलाइन सगळं एकदम खाली येतं. काठच्या विहिरींचं पाणीही तळामागोमाग उतरतं.

‘पावसाळ्यात नदी भरून काढते की!’ असं वाळूघाटावर सांगतात. वरून वाळू येत असेल आणि उपसा तिच्या बेताचा असेल, तर ते खरंही आहे. पण पैठणला जायकवाडी धरण गोदावरीची भरड वाळू अडवून बसलं आहे. त्याच्याखाली खड्डा भरायचा तर माती येणार ओढ्यांतून, नाहीतर कुणाच्या तरी शेतातून.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुलाच्या वरच्या बाजूला किमान २५० मीटर आणि खालच्या बाजूला किमान ५०० मीटर उपसा करायचा नाही. खाली दुप्पट अंतर का, हे आता कळावं: खड्डा खालून वर, पुलाकडे चालत येतो.

लिलावात बोली मात्र ब्रासवर, म्हणजे वाळूच्या घनफळावर लागते; तळ किती खाली जाईल यावर नाही. माझं मागणं साधं आहे. प्रत्येक पुलाच्या खांबावर तळाच्या मूळ पातळीची रेघ रंगवावी आणि दर दिवाळीनंतर, पाणी उतरलं की, तळ त्या रेघेपासून किती खाली गेला ते मोजून तिथेच लिहावं. मग कुठला घाट लिलावात काढायचा हे ग्रामसभेला तो आकडा वाचून ठरवता येईल.