यूपीआयवर जादा पैसे कापले? दाद मागता येते!

वडोदरा जिल्ह्यातलं पादरा भाजीपाल्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं. इथं काय नि पुण्या-मुंबईत काय, गाडीवर क्यूआर कोड दिसतोच. पण ५०० रुपयांच्या खरेदीवर कुणी २ टक्के, म्हणजे १० रुपये जास्त मागितले तर?

द्यायचे नाहीत!

१ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर आणि रुपे डेबिट कार्डावर ग्राहकाला किंवा दुकानदाराला शुल्क लावायला बँकांना कायद्यानंच मनाई आहे. तरीही काही बँका पैसे कापत होत्या. तेव्हा ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून घेतलेली रक्कम परत करायला सांगितलं.

दुकानदाराच्या साउंडबॉक्सचं भाडं किंवा रिचार्जवरची प्लॅटफॉर्म फी हा मामला वेगळा. तिथं पैसे भरण्याआधी पडद्यावरची बारीक अक्षरातली ओळ वाचावी आणि स्क्रीनशॉट ठेवावा.

चुकीची कपात झाली असेल तर आधी अॅपमध्ये आणि आपल्या बँकेत लेखी तक्रार करावी. व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम द्यावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही, एक पैसाही पडत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

रक्कम दहा रुपयांची असली तरी तक्रार जरूर करा.